मंगळावरचा चाँद

ईदच्या चाँदवरून आम्ही आजही एकमेकांशी हुज्जत घालतो. मग मंगळावर वस्ती झाली तर? थॉमस गँगेल यांनी १९८५ मध्ये मंगळासाठी कालगणना रचली. वर्षाचे दिवस ६६८, निम्म्याहून अधिक वर्षांत एक जादा; महिने चोवीस. नावे राशींची, लॅटिन आणि संस्कृतही: मकर, कुंभ, मीन. पण ही गणना सूर्याची. हिजरी महिना चंद्राचा, आणि मंगळाला चंद्र दोन! त्यातला फोबोस पावणेआठ तासांत फेरी पुरी करतो, उगवतो तोही पश्चिमेला. त्याच्या हिशेबाने रमजानचा महिना एका रोजाआधीच संपेल.

२००७ च्या रमजानमध्ये मलेशियाचे शेख मुजफ्फर शकूर अंतराळ स्थानकावर गेले. तिथल्या उलेमांनी नमाजाच्या वेळा उड्डाणस्थळाच्या, बैकोनूरच्या, घड्याळाने धरायला सांगितल्या; रोजे परतल्यावर ठेवण्याची मुभा दिली. प्रवाशाला हे पुरते. मंगळावरच जन्मलेल्या लेकराला त्याची ईद आम्ही इथून कळवायची का?