अलेक्झांड्रियाच्या नाण्यावरील वर्ष

१/ इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीत इ.स. २७०-७१ मध्ये पडलेले एक नाणे. व्यास सुमारे वीस मिलिमीटर. एका बाजूला रोमन सम्राट ऑरेलियन, शेजारी ‘वर्ष १’. दुसऱ्या बाजूला पाल्मिराचा अल्पवयीन राजा व्हाबालाथस, शेजारी ‘वर्ष ४’. एकाच नाण्यावर दोन चेहरे आणि दोन वर्षे का? हा थ्रेड त्याविषयी.

२/ इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात आले, तरी तेथील चलन वेगळेच राहिले. टॉलेमी राजांनी घालून दिलेली रीत रोमनांनीही पुढे चालवली: बाहेरचे नाणे इजिप्तमध्ये चालत नसे, ते बदलून स्थानिक नाणे घ्यावे लागे. टायबेरियसच्या काळात, इ.स. २०-२१ पासून, येथे टेट्राड्रॅक्म हे चांदीमिश्रित नाणे पुन्हा पडू लागले. त्याचे मूल्य एका रोमन दिनारियसइतके धरले जाई.

३/ या बंदिस्त व्यवस्थेची खूण भारतातही दिसते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनाचा कर्ता इजिप्तमधील ग्रीकभाषक व्यापारी होता. भडोच, पैठण आणि तेर ही गावे त्याला ठाऊक आहेत. भडोचला सोन्याचांदीचे दिनारियस बदलून नफा मिळतो, असे तो सांगतो. जहाजे इजिप्तहून निघत, पण सोबत नाणे नेत ते रोमचे. भारतात सापडलेली रोमन नाणी प्रामुख्याने तीच आहेत.

४/ अलेक्झांड्रियाचे नाणे ओळखण्याच्या पहिल्या खुणा म्हणजे लेख आणि धातू. लेख लॅटिनमध्ये नसून ग्रीकमध्ये असतो. मागील बाजूस सेरापिस, इसिस, नाईल नदीची देवता, गरुड अशा प्रतिमा येतात. नीरोच्या काळातील टेट्राड्रॅक्म सुमारे तेरा ग्रॅमचे भरते. ऑरेलियनच्या काळापर्यंत वजन नऊ-दहा ग्रॅमवर उतरले आणि चांदी नावापुरती उरली. त्यामुळे ही नाणी लहान, जाड आणि तांबूस-काळपट दिसतात.

५/ खरी गुरुकिल्ली मात्र वर्षात आहे. इंग्रजी ‘एल’सारखे दिसणारे एक चिन्ह ‘वर्ष’ असे सांगते आणि त्यानंतरचे ग्रीक अक्षर अंक दाखवते: अल्फा म्हणजे १, बीटा २, गॅमा ३, डेल्टा ४, एप्सिलॉन ५. रोममध्ये पडलेल्या बहुतेक नाण्यांचा काळ सम्राटाच्या पदव्यांवरून ताडावा लागतो. येथे तो थेट लिहिलेला असतो.

६/ ही वर्षे राजवटीची, पण इजिप्ती पंचांगानुसार मोजलेली. नवे वर्ष २९ ऑगस्टला सुरू होई. गॅल्बा इ.स. ६८ च्या जूनमध्ये सम्राट झाला आणि ६९ च्या जानेवारीत मारला गेला. राज्य जेमतेम सात महिन्यांचे, तरी त्याची नाणी ‘वर्ष १’ आणि ‘वर्ष २’ अशी दोन्ही मिळतात, कारण मध्ये एक २९ ऑगस्ट येऊन गेला.

७/ आता पाल्मिराकडे. सीरियाच्या वाळवंटातील या व्यापारी नगराचा अधिपती ओडेनेथस याची इ.स. २६७ च्या सुमारास हत्या झाली. मुलगा व्हाबालाथस लहान होता, कारभार आई झेनोबियाच्या हाती आला. इ.स. २७० मध्ये तिच्या सैन्याने इजिप्त घेतले. त्याच वर्षी ऑरेलियन सम्राट झाला.

८/ आता ते नाणे वाचता येते. व्हाबालाथसची वर्षे वडिलांच्या मृत्यूपासून मोजली आहेत, म्हणून ४. ऑरेलियनचे वर्ष पहिलेच. व्हाबालाथसच्या लेखात कॉन्सल, सेनाधिपती, रोमनांचा सेनानी अशा पदव्या आहेत, पण ‘सेबास्तोस’ म्हणजे ऑगस्टस ही सर्वोच्च पदवी नाही. इजिप्त झेनोबियाच्या हातात होते, तरी रोमशी उघड फारकत तिने अद्याप घेतलेली नव्हती.

९/ पुढील नाणी ‘वर्ष २’ आणि ‘वर्ष ५’ अशा जोडीची. मग ऑरेलियनचा चेहरा नाहीसा होतो. व्हाबालाथस एकटा येतो, आता सेबास्तोस म्हणून. झेनोबियाचीही स्वतंत्र नाणी पडतात, सेबास्ते या पदवीसह. या नाण्यांवरही ‘वर्ष ५’च आहे. म्हणजे तडजोड आणि बंड दोन्ही एकाच इजिप्ती वर्षातले, ऑगस्ट २७१ ते ऑगस्ट २७२ मधले.

१०/ इ.स. २७२ मध्येच ऑरेलियनने इजिप्त आणि पाल्मिरा परत मिळवले. झेनोबियाविषयी सर्वाधिक रंगतदार मजकूर ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या नंतरच्या ग्रंथात आहे, आणि तो बनावट पत्रांनी भरलेला आहे. नाणे मात्र त्याच वर्षी, तिच्याच अमलाखालील टांकसाळीत पडले. तिचा पक्ष स्वतःविषयी काय म्हणत होता याची ही समकालीन साक्ष आहे.

११/ म्हणूनच संग्राहकाची जबाबदारी मोठी. आम्लाने घासून चकचकीत केलेल्या नाण्यावरचे पुसट अक्षर कायमचे जाते, आणि बीटा की अल्फा हे पुन्हा कळत नाही. तीच गोष्ट साठ्याची. साठा केव्हा पुरला गेला याचा अंदाज त्यातील सर्वांत उशिराच्या नाण्यावरून बांधतात. नाणी नोंद न करता सुटी विकली, की हा पुरावा संपतो.

१२/ कैरोतील इटालियन संग्राहक जोव्हानी दत्तारी यांनी आपल्या अलेक्झांड्रियन नाण्यांची सूची १९०१ मध्ये प्रसिद्ध केली. नाण्यांवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसेही घेतले. संग्रह पुढे विखुरला, पण ते ठसे १९९९ मध्ये पुस्तकरूपाने छापले गेले. कोठेही विक्रीस आलेले नाणे त्यांच्याशी पडताळून ते मूळ दत्तारींचे होते का, हे आजही तपासता येते.