राजा रत्नागिरीत, वीणा मंडालेत

थिबा राजवाडा दाखवायला आम्ही पोरांना घेऊन जातो तेव्हा प्रश्न ठरलेले असतात. राजाला इथे का आणलं? इतकी वर्षं त्याने केलं काय? मागे एका मुलीने मात्र वेगळंच विचारलं, “सर, त्याच्या राज्यात गाणंबजावणं कसं होतं?” त्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि थेट मंडालेच्या दरबारात पोचलो. आज तिथलंच एक वाद्य तुमच्यापुढे ठेवायचं आहे.

आधी थोडी उजळणी. थिबा 1878 साली ब्रह्मदेशाच्या गादीवर बसला. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाराणीला आगबोटीत बसवून आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीला आणलं. आपण बघतो तो राजवाडा 1910 चा. म्हणजे पहिली चोवीस वर्षं बंगल्यातच गेली, राजवाड्यात जेमतेम सहा. डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याची समाधीही इथेच आहे.

आता ते वाद्य. नाव सौंग गौक. सौंग म्हणजे वीणा, गौक म्हणजे वाकलेली. पण आपल्या डोळ्यांसमोरची वीणा आणू नका. होडीसारखं कोरलेलं लाकडी खोड, त्यावर ताणलेलं हरणाचं कातडं आणि एका टोकातून धनुष्यासारखी वर वळलेली मान. त्या मानेपासून कातड्यापर्यंत रेशमी तारा. हल्ली नायलॉनच्या असतात. पडदे नाहीत. खुंट्यांच्या जागी मानेला गुंडाळलेल्या दोऱ्या. त्या सरकवून सूर लावायचा. वादक मांडी घालून बसतो, वाद्य मांडीवर घेतो. शेजारी गाणारा किंवा गाणारी, आणि तालासाठी तिच्याच हातात छोटी झांज आणि लाकडी टिपरी. झाली मैफल! आवाज इतका मऊ की ऐकणारे जवळच बसायला हवेत. हे दालनाचं वाद्य, मैदानाचं नव्हे.

गंमत पुढेच आहे. हे वाद्य आपलंच. भारहुत आणि सांचीच्या शिल्पांत ते दिसतं. चौथ्या शतकातला समुद्रगुप्त आपल्या सोन्याच्या नाण्यावर मंचकावर बसून मांडीवरची वीणा वाजवतो, ती हीच धनुष्याकृती वीणा. जुन्या काळी ‘वीणा’ म्हटलं की हेच वाद्य समोर येई. अभ्यासकांचं मत असं, की बौद्ध धर्माबरोबर ते ब्रह्मदेशात पोचलं. तिथे श्रीक्षेत्र या प्राचीन नगरातल्या सातव्या शतकाच्या सुमाराच्या शिल्पात ते आहे. पुढे 802 साली तिथल्या प्यू राजाने चीनच्या तांग दरबारात वादक पाठवले, त्यांच्या वाद्यांतही ते होतं.

आपल्याकडे काय झालं? हळूहळू दांडीची वीणा पुढे आली, तिच्यावर मिंड, गमक काढता येऊ लागली. धनुष्याची वीणा बाजूला पडली आणि ‘वीणा’ हे नाव मात्र नव्या वाद्याला चिकटलं. मंडल्याकडच्या परधान गायकांचा बिनबाजा ही तिची उरलेली खूण. म्हणजे दरबाराने टाकलेलं वाद्य गोंडांच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी सांभाळलं.

आता 1885 कडे परत येऊ. दरबार मोडला की दरबारी वाद्याचं काय होतं? मंडालेत माउंग माउंग जी नावाचा वादक होता. जन्म 1855 चा. मिंडोन आणि थिबा या दोन्ही राजांच्या पदरी त्याने वाजवलं, ‘देव एइंदा’ ही पदवी मिळवली. तेरा तारांच्या सौंगवर चौदावी तार चढवली ती त्याने. राजा रत्नागिरीत आला, हा मागे राहिला. मैफलीचं दालन गेलं, पण हात शाबूत होते. 1933 साली तो वारला तोवर विद्या शिष्यांकडे गेली होती. 1950 च्या दशकात तिथे सरकारी संगीतशाळा निघाल्या, त्यांत सौंग शिकवू लागले. आज ते त्या देशाचं मानाचं वाद्य आहे.

हीच गोष्ट आपल्याकडे बीनेची. बंदे अली खाँ हे मोठे बीनकार. त्यांचा शेवट पुण्यात झाला. लहान वयात भास्करबुवा बखल्यांना त्यांची तालीम मिळाली. बुवा बीनकार झाले नाहीत, गवई झाले. पण त्यांच्याकडून मास्तर कृष्णराव, बालगंधर्व शिकले. बीन मैफलींतून दिसेनाशी होत गेली, तिचं वळण गळ्यांत उतरलं.

तेव्हा आम्हाला वाटतं ते एवढंच. वाद्य काचेच्या कपाटात टिकत नाही, राजाच्या कृपेवरही कायम टिकत नाही. ते टिकतं शिकणाऱ्या हातांमुळे आणि जवळ बसून ऐकणाऱ्या वीसपंचवीस माणसांमुळे. आपल्या राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कल संगीत महोत्सव भरवतं, आपण गर्दीने जातो, ते उत्तमच. त्याच्या जोडीला, ध्वनिक्षेपकाशिवाय, एखाद्या ओटीवर सारंगी किंवा बीन ऐकायची सवय लावून घेऊ या. ज्याचं दालन गेलं त्या राजाच्या गावाने एवढं तरी करावं.