रूफ रेल

रूफ रेल म्हणजे मोटारगाडीच्या टपावर, दोन्ही कडांना, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या दांड्या. या दांड्यांवर रुंदीच्या दिशेने दोन किंवा अधिक आडवे बार कसले जातात आणि त्या बारांवर सायकली, तंबू, सामानाची पेटी किंवा जाळीची टोपली बांधतात. बोलीभाषेत या सगळ्या रचनेला सरसकट ‘कॅरियर’ म्हणतात. रेल, बार आणि टोपली ही मात्र तीन वेगळी अंगे असून प्रत्येकाची भार सोसण्याची मर्यादा वेगळी असते. एसयूव्ही प्रकारातील अनेक गाड्यांवर कारखान्यातूनच रेल येते. त्यांतील काही रेल केवळ शोभेच्या असतात आणि त्यांच्यावर कोणताही भार घालणे अपेक्षित नसते.

टपावरील सामानाची परंपरा

महाराष्ट्रात टपावर सामान लादण्याची सवय एसयूव्हीच्या फार आधीची आहे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतरची कित्येक वर्षे एसटीच्या मागील बाजूची शिडी आणि टपावरचा कठडा हे खेड्यापाड्यांतील प्रवासाचे नेहमीचे दृश्य होते. धान्याची पोती, ट्रंका, भाजीच्या पाट्या, क्वचित सायकल, सारे टपावर जाई. कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत पुढे ‘वडाप’ रूढ झाले. या सामायिक जीपगाड्यांच्या टपावरही लोखंडी कॅरियर असे, आणि बाजाराच्या दिवशी त्यावर सामानासोबत माणसेही बसत.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या टपाला कडेने पन्हळ असे. पावसाचे पाणी दारावर न गळता पुढे-मागे वाहून जावे, हा पन्हळीचा मूळ हेतू. कॅरियरचे पाय याच पन्हळीत अडकवून पकडीने कसले जात. टपाला भोक पाडावे लागत नसे आणि भार छताच्या पत्र्यावर न येता थेट कडेच्या मजबूत चौकटीवर जाई. ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींवर हीच पद्धत होती. हवेचा अडथळा व आवाज कमी करण्यासाठी नव्या गाड्यांतून उघडी पन्हळ नाहीशी झाली आणि कॅरियर कोठे अडकवायचे हा प्रश्न नव्याने उभा राहिला. रूफ रेल हे त्याचे एक उत्तर आहे. भारतात टाटा सुमो (१९९४), टाटा सफारी (१९९८), महिंद्रा बोलेरो (२०००), महिंद्रा स्कॉर्पिओ (२००२) आणि रेनो डस्टर (२०१२) या गाड्यांनी एसयूव्ही वर्ग रुजवला. त्याच्याबरोबर टपावरील रेल ही या वर्गाची जणू ओळखच बनली. शोभेच्या रेलचे मूळही या ओळखीच्या हौसेत आहे.

रचना व प्रकार

गाडीच्या छताचा पत्रा साधारण एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. हाताने दाबल्यास तो लवतो. भार पेलतात ते पत्र्याखालचे आडवे पोलादी पट्टे आणि दारांवरून जाणारी कडेची चौकट. म्हणून रेल कोणत्याही प्रकारची असली तरी तिचे पाय या चौकटीवरच टेकले पाहिजेत.

उंच रेलमध्ये दांडी आणि टप यांच्यामध्ये पोकळी असते. आडव्या बाराची पकड त्या पोकळीतून दांडीभोवती बसते. सपाट रेल टपाला चिकटून असते, तिला वेगळ्या घडणीची पकड लागते. रेलच नसेल तर काही गाड्यांत टपाच्या कडेच्या रबरी किंवा प्लास्टिकच्या पट्टीखाली कारखान्याने आटे पाडलेली बोल्टची ठिकाणे दिलेली असतात. कमी किमतीच्या प्रकारात रेल नसली तरी ही ठिकाणे पुष्कळदा असतात, कारण सांगाडा एकच असतो. रेल बसवू इच्छिणाऱ्याने प्रथम हेच तपासावे. तीही नसल्यास दाराच्या चौकटीत अडकणारी पकड वापरता येते. टपाला नवी भोके पाडणे हा शेवटचा आणि सर्वांत वाईट मार्ग होय.

बसवण्याची पद्धत

कारखान्याने दिलेल्या ठिकाणी रेल बसवणे फारसे अवघड नसते. टप धुऊन कोरडा करतात, कडेची पट्टी प्लास्टिकच्या पातळ पट्टीने हळूच उचकटतात आणि आट्यांत साचलेली धूळ व रंग साफ करतात. रेलच्या प्रत्येक पायाखाली रबरी गादी घालतात. सर्व बोल्ट आधी हातानेच लावून घेतात आणि रेल सरळ बसल्यावर थोडे थोडे, आळीपाळीने आवळतात. एक टोक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेल्यास दांडी पिळली जाते. अखेरचे आवळणे टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या मापानेच करावे लागते. अंदाजाने जोर लावल्यास पातळ पोलादातील आटे मरतात, आणि मग ती जागा कायमची निकामी होते. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालवल्यावर बोल्ट पुन्हा तपासतात.

दोन आडव्या बारांतील अंतर साधारण ७० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक ठेवतात. अंतर कमी असेल तर लांब वस्तू पुढे-मागे डोलते. सरकते छत असलेल्या गाडीत बार बसवल्यावर ते छत उघडताना अडकत नाही ना, हे पाहावे लागते.

भोके पाडून रेल बसवताना मात्र आतील छताचे अस्तर उतरवावे लागते. कडेच्या चौकटीलगत पडदा एअरबॅग आणि विजेच्या तारा असतात. अंदाजाने चालवलेले ड्रिल त्यांत शिरले, तर अपघाताच्या वेळी एअरबॅग नीट उघडेलच असे नाही. शिवाय भोकाच्या कापलेल्या कडेला गंजरोधक थर उरत नाही. त्यावर प्रायमर व सीलंट नीट न लावल्यास पाणी आत झिरपते. गंज आतून पसरत असल्याने तो दिसेपर्यंत बराच काळ जातो. कोल्हापुरात उद्यमनगरासारख्या भागांत वेल्डिंग व फॅब्रिकेशनचे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. हवा तसा लोखंडी कॅरियर शहरात सहज करून मिळतो. परंतु वेल्डिंग कितीही पक्के असले तरी ते गाडीच्या छताची क्षमता वाढवत नाही. उलट जड कॅरियर स्वतःच त्या क्षमतेचा मोठा भाग खातो.

भारमर्यादा

टपाची भारमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. छोट्या एसयूव्हींमध्ये ती ५० किलोच्या, तर मोठ्यांमध्ये ७५ ते १०० किलोच्या आसपास आढळते. हा आकडा चालत्या गाडीसाठी असून त्यात बार आणि टोपली यांचे वजन धरलेले असते. मर्यादा ७५ किलो, बार ६ किलो आणि टोपली १९ किलो असेल, तर सामानासाठी ५० किलोच उरतात. रेल, बार आणि टप यांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच अखेर लागू होते. उभ्या गाडीचे छत याहून पुष्कळ अधिक भार पेलते. टपावरील तंबूत माणसे झोपू शकतात ती यामुळेच.

उभ्या व चालत्या गाडीतील हा फरक वेगामुळे पडतो. जोराने ब्रेक लावल्यास ७५ किलोचे सामान सुमारे ६० किलो वजनाइतक्या जोराने पुढे ओढले जाते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरवरून १०० वर जाताना तो जवळजवळ पावणेतीन पट होतो. त्यामुळे राष्ट्रीय महामार्ग ४८ वर पुण्याकडे निघालेल्या गाडीच्या टपावरील रिकामी टोपलीही इंधन खाते. वापर नसताना बार काढून ठेवणे चांगले.

घाटातील वळणे

कोल्हापुरातून कोकणात उतरताना आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट लागतोच. तेथे प्रश्न गुरुत्वमध्याचा असतो. समजा, गाडी १,५०० किलोची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आणि चाकांमधील रुंदी दीड मीटर आहे. टपावर, १८० सेंटिमीटर उंचीवर, ७५ किलो ठेवल्यास गुरुत्वमध्य सुमारे ५ सेंटिमीटरने वर जातो आणि वळणावर कलंडण्यास होणारा विरोध सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. तेथेच २०० किलो लादले तर घट १५ टक्क्यांहून अधिक होते. सरळ रस्त्यावर हा फरक चालकाच्या लक्षातही येत नाही. तो जाणवतो उतारावरच्या अवघड वळणावर, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून जड वस्तू गाडीच्या आत, खाली ठेवतात. टपावर तंबू, झोपण्याच्या पिशव्या, चटया, सायकली असे हलके पण जागा व्यापणारे सामानच न्यावे.

बांधण्यासाठी खटकीचे पट्टे उत्तम. काथ्याची दोरी भिजल्यावर आखडते व वाळल्यावर सैल पडते, तर नायलॉनची दोरी ताणाने लांबते. गगनबावड्याच्या पावसात ताडपत्री लागतेच, पण तिची सुटी टोके फडफडत राहिली तर गाठी सुटतात. लांब वस्तू पुढच्या बाजूलाही स्वतंत्रपणे बांधावी लागते.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे, नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. गाडीच्या निर्मात्याने त्या प्रकारासाठी मान्य केलेली, काढता-घालता येणारी रेल आणि टपाला कायमचा वेल्ड केलेला जड सांगाडा यांत म्हणूनच मोठा फरक आहे. कलम १२३ टपावर बसून प्रवास करण्यास मनाई करते, त्यामुळे वडापच्या टपावरील ती जुनी बैठक बेकायदाच ठरते. नंतर बसवलेल्या साधनाची किंमत विमा पत्रात स्वतंत्रपणे नोंदवलेली नसल्यास त्याची भरपाई सहसा मिळत नाही.

निगा

पावसाळ्यापूर्वी आणि नंतर रबरी गाद्या, बोल्ट व सीलंट तपासतात. ॲल्युमिनियमची रेल आणि लोखंडी बोल्ट यांच्या सांध्यात ओल राहिल्यास पांढरी भुकटी धरते. तेथे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि मधे प्लास्टिकची चकती वापरतात. छताच्या अस्तरावर पिवळसर डाग दिसणे किंवा पावसानंतर गाडीत कुबट वास येणे ही पाणी झिरपत असल्याची पहिली खूण असते. अशा वेळी वरून सीलंटचा आणखी एक थर न देता रेल उतरवून प्रत्येक पायाखालची जागा तपासावी लागते.