प्रलयकथेचा शेवट

जगबुडीची कथा रचणाऱ्यापुढे अखेरीस एक प्रश्न उभा राहतो. पाणी ओसरल्यावर वाचकाला काय दाखवावयाचे? नवा अंकुर, की नुसता चिखल? महाभारतात या प्रश्नाची दोन्ही उत्तरे आढळतात. वनपर्वात मार्कंडेय ऋषी कलियुगाच्या अंताचे अत्यंत भीषण वर्णन करतात. परंतु त्यामागोमाग शंभल ग्रामी कल्की जन्म घेतो आणि कृतयुग परत येते. मौसलपर्वात मात्र द्वारका समुद्रात बुडते, अर्जुनाचे गांडीव निष्फळ ठरते आणि ज्या स्त्रियांच्या रक्षणासाठी तो निघालेला असतो त्यांना आभीर वाटेतच पळवून नेतात. पुढे वज्राला इंद्रप्रस्थी गादीवर बसविले जाते खरे, पण त्या राज्यारोहणाने कोणाही वाचकाचे समाधान झाल्याचे प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

मराठी मनाने यांपैकी पहिले उत्तर अधिक आपलेसे केले, असे म्हणावयास हरकत नाही. महिपतीने 1762 साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'तील दामाजीपंतांची कथा घ्या. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे रयतेसाठी खुली होतात, बेदरच्या पातशहाचा कोप ओढवतो, आणि विठ्ठल महाराच्या वेषात येऊन धान्याची किंमत भरतो. हिशेब पुरा होतो आणि कीर्तन संपते. कोठारे उघडण्यापूर्वी किती माणसे मेली, हे कीर्तनात कोणी विचारत नाही. याउलट 1630 ते 1632 च्या दुष्काळात आपली एक पत्नी अन्नावाचून गेली, हे तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. तेथे धान्य घेऊन कोणी आला नाही. आख्यायिका आणि आत्मकथन यांतला हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

समर्थांनी दासबोधाच्या दहाव्या दशकात पाच प्रलय सांगितले. दोन पिंडाचे, दोन ब्रह्मांडाचे आणि पाचवा विवेकाचा. पिंडाच्या दोहोंपैकी एक म्हणजे झोप, दुसरा मृत्यू. एका माणसाचे मरण हाही त्यांच्या लेखी एक प्रलयच. या वर्गीकरणाचे मर्म हैदराबादच्या माणसाला विशेष जाणवावे, असा प्रसंग या नगरीच्या इतिहासात घडून गेला आहे.

आबिड्सच्या चौकातून दक्षिणेकडे चालत निघाले, तर अर्ध्याएक तासात अफझलगंज आणि मुसी नदीचा पूल लागतो. 28 सप्टेंबर 1908 रोजी या नदीने काठच्या वस्त्या धुऊन नेल्या. बळींची संख्या सामान्यतः पंधरा हजारांच्या घरात सांगितली जाते. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे परंपरा सांगते.

या पुराच्या कथेला शहराने दोन शेवट दिले. लोकांच्या तोंडी असलेल्या आख्यायिकेनुसार निजाम महबूब अली खान यांनी नदीकाठी येऊन मुसीला साडीचोळी अर्पण केली आणि पाणी उतरू लागले. मुसलमान राजा हिंदू रीतीने नदीची ओटी भरतो, ही कल्पना इतकी लोभस आहे की ती खरी असावी असेच कोणालाही वाटावे. दुसरा शेवट उर्दू कवी अमजद हैदराबादी यांचा. त्यांची आई, पत्नी आणि कन्या याच पुरात वाहून गेल्या. ते एकटे वाचले. पुढे त्यांनी या पुरावर जी कविता लिहिली तिचे नाव 'कयामत-ए-सुगरा', म्हणजे लहान कयामत. समर्थांचा पिंडप्रलय आणि अमजद यांची लहान कयामत यांत भाषेचे अंतर आहे, अर्थाचे फारसे नाही. मेरी शेली या इंग्रज लेखिकेने 1826 साली 'शेवटचा माणूस' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. तीत महामारीने मनुष्यजात नष्ट होते आणि एकच पुरुष उरतो. तोपर्यंत तिने तीन अपत्ये आणि पती गमावले होते. ज्याचे घर गेले त्याच्याकडून नव्या युगाची पहाट रंगविण्याची अपेक्षा करणे मला तरी क्रूरपणाचे वाटते.

परंतु शोकांतिकेलाही एक उणीव आहे. तीत नदी ही नियती होऊन बसते. आणि नियतीला कारणे विचारावयाची नसतात. 1909 साली निजामाच्या निमंत्रणावरून आलेले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ती विचारली. मुसीच्या पाणलोटात 788 लहान तलाव होते आणि त्यांपैकी 221 फुटले होते. वरच्या तलावाचा बांध खालच्यावर कोसळत गेला. म्हणजे जे आकाशातून आले त्यात माणसाच्या हातच्या मातीचाही भाग होता. त्यांच्या योजनेतून 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. ओटी भरण्याच्या कथेत जी आशा फुकट मिळते, तिच्यासाठी येथे जवळजवळ वीस वर्षे लागली. आणि अमजद यांचे घर त्यानेही भरून आले नाही. शिवाय ही आशा कायमची नव्हती. ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत जुन्या शहराच्या बाजूच्या तलावांचे बांध फुटून वस्त्या पुन्हा पाण्याखाली गेल्या.

पाठ्यपुस्तकातील इतिहासाला सुखान्त शेवटाची ओढ असते. आम्हा शिक्षकांनाही असते, कारण तास संपताना मुले हिरमुसली तर बरे वाटत नाही. या वर्षी सातवीला मुसीचा पूर सांगताना साडीची आख्यायिका मी अखेरीस न ठेवता आरंभी सांगितली, मग अमजद यांची हकीकत, आणि सर्वांत शेवटी तलावांचे आकडे. एका मुलीने विचारले, "सर, आपल्या घरापाशी कोणता तलाव आहे?" वर्गातील बहुतेकांना सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी घरी विचारून यावे असे मी सांगितले, तेव्हा काही मुलांनी तलावांची नावे आणली. ती सर्व त्यांच्या आजोबांना ठाऊक होती, वडिलांना नव्हती.