पावलाचा, घोट्याचा वात : आधी कोणता ते ओळखा

पाऊल ठणकतं, घोटा सुजतो, बांधावरून चालताना लंगडावं लागतं. गावाकडे याला एकच नाव, 'वात आलाय'. मग मेडिकलमधून गोळी, नाहीतर सुई. दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. वात एकाच प्रकारचा नसतो आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. म्हणून आधी निदान महत्त्वाचं.

वात कोणता?

• झिजेचा वात : घोट्यात हा बहुतेक वेळा जुन्या मोडीनंतर किंवा मुरगळीनंतर होतो. चाललं की दुखतं, बसलं की कमी होतं. सकाळी पाय आखडतो, पण अर्ध्या तासात मोकळा होतो.

• आमवात : दोन्ही पावलांच्या चवड्यात दुखतं, हाताची बोटंही सुजतात. सकाळी तासभर सांधे मोकळे होत नाहीत. बायकांमध्ये जास्त दिसतो. औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाकडे होणं टळू शकतं.

• गाऊट : रक्तात युरिक ॲसिड वाढून होतो. रात्रीतून अंगठ्याचा सांधा लालबुंद होतो, चादर लागली तरी सहन होत नाही. दारू, मटण आणि गोड कोल्ड्रिंकने त्रास वाढतो. डाळी मात्र सरसकट बंद करायची गरज नसते.

• चिकुनगुनियानंतरचं दुखणं : ताप गेल्यावरही घोटे कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने दुखू शकतात.

रोजची काळजी

पातळ, झिजलेली स्लीपर टाळा. पुढून रुंद, मागे पट्टा आणि जाड मऊ तळ असलेली चप्पल घ्या. ती संध्याकाळी खरेदी करा, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. खुरपणीला उकिडवं बसण्याऐवजी छोटा पाट किंवा स्टूल घ्या, अधूनमधून उठून चाला. बसल्या बसल्या पाऊल वर-खाली आणि गोल फिरवा. वजन जास्त असेल तर थोडं कमी झालं तरी पायावरचा भार हलका होतो. पाय आखडला असेल तर कोमट पाण्याचा शेक, गरम सूज असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ. शुगरवाल्यांनी शेकताना जपावं, पाय बधिर असेल तर भाजलेलं कळत नाही.

हे करू नका

• बिब्बा लावू नका, डाग देऊ नका. त्याने कातडी भाजते, जखम चिघळते.
• बिनानावाच्या पुड्या घेऊ नका. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद न करता पुडी डॉक्टरांना दाखवा.
• दुखण्याची गोळी मनाने रोज घेऊ नका. किडनी आणि पोटाला धोका असतो.
• आमवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते. ती रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

लगेच दवाखाना गाठा

एकच सांधा गरम, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. सांध्यात पू झालेला असू शकतो. शुगरवाल्याचं पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं असेल तर दुखत नसलं तरी थांबू नका, त्या पायावर भार देऊ नका. बाकी दुखणं दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या. जाताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.