वजाबाकीतून सापडलेला वायू

आपल्या आकाशगंगेभोवती तप्त वायूचं आवरण असावं, हे लायमन स्पिट्झर यांनी १९५६ साली निव्वळ तर्कानं मांडलं. आकाशगंगेच्या तबकडीपासून खूप वर थंड वायूचे ढग दिसत होते. बाहेरून दाब नसता, तर ते केव्हाच पांगले असते. दाब देणारा वायू दिसत नाही, म्हणजे तो अतिविरळ आणि सुमारे १० लाख अंश तापलेला असणार.

असा वायू क्ष-किरणांत चमकतो, पण ते किरण पृथ्वीचं वातावरण अडवतं. १८ जून १९६२ रोजी रिकार्डो जियाकोनी यांच्या गटानं अग्निबाणातून उपकरण वर धाडलं. त्याला वृश्चिक राशीतला एक प्रखर स्रोत सापडला आणि आकाशभर पसरलेला मंद उजेडही. हा उजेड मुख्यतः दूरच्या दीर्घिकांच्या गाभ्यांचा, हे पुढं कळलं. १९६८ साली कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांचा जादा उजेड आढळला. तो जवळचा की लांबचा, हे मात्र ठरेना.

बेळगावहून सावंतवाडीला जाताना आंबोलीत एखादा डोंगर काळा दिसला, तर उजेड त्याच्या मागं आहे हे कळतं. तसंच इथं झालं. १९९१ साली रोसॅट उपग्रहाला कालेय तारकासमूहातल्या एका ढगाची क्ष-किरणांत सावली दिसली. उजेडाचा बराच भाग त्या ढगापलीकडून येत होता.

सावलीचा हिशेब मांडायला ढगात वायू किती, हे ठाऊक हवं. ते सांगतात हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी. निपाणीच्या शेजारच्या मुलखातल्या कुरुंदवाडला जन्मलेले आणि हुबळीत शिकलेले श्रीनिवास कुलकर्णी यांनी बर्कलीत १९८३ साली याच उदासीन हायड्रोजनवर पीएच.डी. केली. पुढं कार्ल हाइल्स यांच्यासोबत त्यांनी या विषयाचा सविस्तर आढावाही लिहिला.

एवढ्यानं भागलं नाही. १९९६ साली ह्याकुताके धूमकेतू क्ष-किरणांत चमकताना दिसला. सौरवाऱ्यातले विद्युतभारित अणू उदासीन अणूंकडून इलेक्ट्रॉन हिसकावतात, तेव्हा हे किरण निघतात. ही क्रिया सूर्यमालेत सर्वत्र चालते, म्हणजे दूरचा समजलेला काही उजेड घरचाच निघाला. २०१२ च्या अग्निबाण-प्रयोगानं दाखवलं, की आकाशगंगेच्या प्रतलात पाव किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या उजेडातला सुमारे ४० टक्के वाटा या क्रियेचा आहे.

म्हणून आजचं मोजमाप ही वजाबाकी असते. उपकरणाचा गोंगाट, सौरवाऱ्याचा वाटा, सूर्याभोवतालचा तप्त वायू आणि दूरच्या दीर्घिका वगळायच्या, मधल्या हायड्रोजननं गिळलेले किरण हिशेबात धरायचे, मग बाकी उरते ती मुख्यतः इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. २०१८ साली अंतराळ स्थानकातून सोडलेल्या हॅलोसॅट या छोट्या उपग्रहानं हेच काम केलं. त्यातून उजेड एकसारखा नसून ठिगळाठिगळांचा आणि तबकडीलगत दाट असल्याचं २०२० साली मांडलं गेलं. म्हणजे चमकणाऱ्या वायूचा मोठा भाग ताऱ्यांच्या स्फोटांनी तबकडीतूनच वर फेकलेला असावा.