वेटिंग लिस्ट पुढे कशी सरकते? चाळीस वर्षांच्या रांगेची गोष्ट

जून-जुलै आला की आम्हा तालुक्याच्या पत्रकारांना बातमीपेक्षा एकच फोन जास्त येतो. "साहेब, पोराचं नाव वेटिंगला आहे. काही होईल का? वरती कुणाची ओळख आहे का?"

या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग आजचा आहे. दुसरा अर्धा, तो ओळखीचा, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. रांग बदलली, रांगेचे नियम बदलले, पण आपल्या डोक्यातली रांग अजून तीच आहे. त्यामुळे पोस्ट जरा लांब झाली तरी वाचा. घरात बारावीचं पोर असेल तर नक्कीच वाचा.

*नोटीस बोर्डाचा काळ*

पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ चं. मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. सांगलीचं वालचंद १९४७ चं. कराड, औरंगाबाद आणि नागपूरची कॉलेजं १९६० ची, अमरावतीचं १९६४ चं. १९८३ पर्यंत अख्ख्या महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची कॉलेजं अशी बोटांवर मोजण्याइतकीच होती. मेडिकलचं चित्र फार वेगळं नव्हतं. जागा मूठभर आणि बारावी सायन्स पास झालेली पोरं पोत्याने.

प्रवेश बारावीच्या मार्कांवर. कॉलेजच्या बोर्डावर यादी लागायची आणि तिच्या खाली प्रतीक्षा यादी. ही प्रतीक्षा यादी पुढे सरकायची फक्त एका कारणाने: वरच्या कुणीतरी प्रवेश रद्द केला तर. पण कुणी रद्द केला, किती जागा मोकळ्या झाल्या, हे माहीत कुणाला? ऑफिसला. पुण्यात मामा-काका असणारा रोज जाऊन बोर्ड बघू शकायचा. उदगीर किंवा पुसदच्या पोराला एसटीने जायचं-यायचं म्हटलं तरी दोन दिवस मोडायचे.

'ओळख' या शब्दाला किंमत आली ती इथून. साहेबांची चिठ्ठी, क्लार्कशी सलगी, हात ओले करणं, हे सगळं चालायचं कारण रांग दिसत नव्हती. जी रांग दिसत नाही, तिच्यात पुढे घुसणं सोपं असतं.

*१९८३: वसंतदादांचा निर्णय*

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी रांगेचा नाद सोडून कर्नाटक गाठलं. मणिपालला खाजगी मेडिकल कॉलेज १९५३ पासूनच होतं. आपला पैसा आणि आपली पोरं शेजारच्या राज्यात जातात, मग आपल्याकडेच का नको, असा प्रश्न उभा राहिला. फारसं औपचारिक शिक्षण नसलेले मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग, मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली.

या निर्णयाला शिव्या देणारे आणि ओव्या गाणारे, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. ग्रामीण भागात कॉलेजं उभी राहिली, शेतकऱ्याची पोरं इंजिनिअर झाली. आणि 'डोनेशन' हा शब्द घराघरात पोचला. जमीन विकून ॲडमिशन घेतलेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील.

मार्कांची एक रांग होतीच, तिच्या शेजारी आता नोटांची दुसरी रांग लागली. सरकारने १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा आणला. त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि हा कायदा आजही लागू आहे. डोनेशन थांबलं नाही. फक्त पावती मिळायची बंद झाली.

*रांग कोर्टात गेली*

नंतरची बारा-तेरा वर्षं हा वाद सुप्रीम कोर्टात गाजला. उत्तर प्रदेशातल्या मेरठच्या मोहिनी जैन यांना कर्नाटकातल्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात प्रवेश हवा होता. तिथे सरकारी कोट्याच्या जागेची फी वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातल्या इतर विद्यार्थ्यांना २५,००० आणि बाहेरच्या राज्यातल्यांना ६०,०००. १९९२ मध्ये कोर्टाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली.

१९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्याचा निकाल आला आणि तुम्हा-आम्हाला पाठ झालेले दोन शब्द जन्माला आले: 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट'. निम्म्या जागा सरकारी दराने, निम्म्या जास्त फीने, पण दोन्ही मेरिटवर. नव्वदच्या दशकात ज्यांनी प्रवेश घेतला त्यांना एकाच बाकावरची फ्रीवाली आणि पेमेंटवाली पोरं आठवत असतील.

२००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ही व्यवस्था मोडीत काढली आणि संस्थांना स्वायत्तता दिली. मग २००५ मध्ये इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार, हा तर आपल्या पुण्याचाच खटला. कोर्टाने म्हटलं, खाजगी संस्थेवर सरकारने स्वतःचा कोटा लादायचा नाही. पण प्रवेश पारदर्शक आणि मेरिटवरच हवा, त्यासाठी सामायिक परीक्षा आणि एक खिडकी ठेवता येईल, आणि कॅपिटेशन फी चालणार नाही.

आजच्या सीईटी आणि कॅप राउंडचा पाया हा असा घातला गेला. २०१५ च्या राज्य कायद्याने प्रवेश नियामक आणि शुल्क नियामक अशी दोन प्राधिकरणं आली, सीईटी कक्ष आला. म्हणजे आज मोबाईलवर जी अलॉटमेंट दिसते, ती कुणी आपल्याला कृपेने दिलेली नाही. लोक कोर्टात भांडले म्हणून ती रांग उजेडात आली.

*दोन गणिती आणि एक जुनं कोडं*

आता थोडं वेगळं. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या अमेरिकेतल्या दोन गणितज्ञांनी एक छोटासा निबंध लिहिला. विषय होता, कॉलेज प्रवेशाची वेटिंग लिस्ट! त्यांचा प्रश्न अगदी आपल्या घरातला वाटेल. दुसऱ्या पसंतीच्या कॉलेजात जागा मिळाली आहे, पहिल्या पसंतीच्या ठिकाणी वेटिंग आहे. हातातली घ्यावी की थांबावं? आणि कॉलेजलाही कळत नाही, की किती जणांना बोलावलं म्हणजे वर्ग नेमका भरेल.

त्यांनी काढलेला तोडगा असा. प्रत्येकाने आधी आपल्या पहिल्या पसंतीकडे अर्ज करायचा. कॉलेजने जागांइतकी वरची पोरं तात्पुरती धरून ठेवायची, बाकीच्यांना नाही म्हणायचं. नाकारलेल्यांनी दुसऱ्या पसंतीकडे जायचं. तिथे नव्या-जुन्यांची पुन्हा तुलना. असं करत करत कुणालाच हलायला जागा उरली नाही, की ती यादी पक्की. या पद्धतीत विद्यार्थ्याने आपली खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिण्यातच त्याचा फायदा असतो, हेही पुढे गणिताने सिद्ध झालं. शॅपली यांना २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोपर्यंत हयात नव्हते.

आपल्या देशाशी याचा थेट संबंध आहे. २०१४ पर्यंत आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश वेगवेगळे चालायचे. एकच हुशार पोरगा दोन्हीकडे जागा अडवायचा, शेवटी एक सोडायचा, आणि ती जागा कधीकधी रिकामीच राहायची. खाली वेटिंगवाला मात्र ताटकळत. २०१५ पासून 'जोसा'ची एकत्रित प्रक्रिया आली, आणि तिच्या पोटात गेल-शॅपलींचीच पद्धत आहे.

महाराष्ट्राच्या कॅपमध्येही मेरिट यादीतल्या क्रमाने एकेकाचे पर्याय वरून खाली तपासले जातात, आणि जो पहिला मोकळा सापडेल तो दिला जातो. इथे मंत्र्याच्या चिठ्ठीला जागाच नाही.

*मग यादी सरकते कधी?*

वरच्याने जागा सोडली की सरकते. पूर्वीही तसंच होतं, आजही तसंच आहे. फरक इतकाच, की आता वरचा का सोडतो हे कळतं. जोसा वेगळं, राज्याची कॅप वेगळी, मेडिकल वेगळं, अभिमत विद्यापीठं वेगळी. एकाच पोराचं नाव तीन-चार ठिकाणी असतं. त्याला दुसरीकडे मनासारखं मिळालं की इथली जागा सुटते. म्हणून पहिल्या फेरीत हुकलं की सगळं संपलं, असं नसतं. आणि म्हणूनच आपली शक्यता वाढवायची तर ओळखी शोधण्यापेक्षा खालची कामं करा.

एक. पर्याय खऱ्या आवडीच्या क्रमाने भरा. "गेल्या वर्षी कटऑफ जास्त होता" म्हणून आवडतं कॉलेज खाली ढकलू नका. वर लिहिल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. आणि पाच-सहा पर्यायांवर थांबू नका. आपल्या भागातली कित्येक पोरं मार्क असूनही हुकतात, कारण त्यांनी पर्यायच कमी भरलेले असतात.

दोन. पण जिथे जायचंच नाही ते वर लिहू नका. २०२५-२६ पासून इंजिनिअरिंगला चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला की 'ऑटो फ्रीझ', म्हणजे पुढच्या फेरीचं दार बंद. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेजारच्याच्या पोराने गेल्या वर्षी काय केलं, ते यंदा चालेलच असं नाही.

तीन. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारा आणि मग चांगल्यासाठी 'बेटरमेंट'ला थांबा. पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला तर आधीची जागा आपोआप जाते, हे ध्यानात ठेवा. तुम्हालाही ती नको असेल तरच तो पर्याय वर ठेवलेला असू दे.

चार. कागद. जात वैधता, नॉन क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस, डोमिसाईल. ऐनवेळी कागद नाही म्हणून राखीव जागेवरचा दावा जातो आणि पोरगं खुल्या गटात ढकललं जातं. तहसीलची रांग जुलैत लावण्यापेक्षा जानेवारीत लावा.

पाच. तारखा. मेडिकलच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २००२ च्या मधू सिंग आणि २००५ च्या मृदुल धर खटल्यांत सांगून ठेवलंय, की जागा रिकामी आहे म्हणून सत्राच्या मध्येच प्रवेश देता येणार नाही. त्यामुळे "शेवटच्या तारखेनंतर ॲडजस्ट करतो" म्हणणारा एजंट तुमचे पैसे ॲडजस्ट करत असतो.

*अजून अंधारात असलेला तुकडा*

इतकं सगळं उजेडात आलं, पण रांगेचा एक तुकडा अजून अंधारात आहे. कॅपच्या फेऱ्या संपल्यावरची संस्थास्तरीय फेरी. नियमाप्रमाणे संस्थेने जाहिरात द्यायची, अर्ज मागवायचे, गुणवत्ता यादी लावायची आणि मेरिटनेच जागा भरायच्या. जाहिरात येते, आमच्याच पेपरात येते, पण आतल्या पानाच्या कोपऱ्यात, भिंग घेऊन वाचावी लागेल अशी. अर्जाला मुदत दोन-तीन दिवस. बोर्डावरची यादी कधी लागली आणि कधी निघाली, कुणाला कळत नाही. हा सगळा प्रकार १९८० च्या नोटीस बोर्डासारखाच आहे. एजंटांचं पीक येतं ते याच वाफ्यात.

आणि यात गरिबाचं दुहेरी नुकसान आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण ते कॅपमधून प्रवेश घेतला तर. व्यवस्थापन कोटा किंवा संस्थास्तरावरून घेतला तर सवलत नाही. म्हणजे घाबरून कॅपच्या रांगेतून बाहेर पडलेला बाप डोनेशनही देतो आणि चार वर्षांची फीमाफीही घालवतो. एकाच जागेची दोनदा किंमत.

त्यामुळे पालकांनो, या फेरीत उतरायचंच असेल तर अर्ज लेखी करा, पोच घ्या, यादीचा फोटो काढून ठेवा. तुमच्यापेक्षा कमी मार्कांच्या पोराला प्रवेश मिळालेला दिसला तर प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे तक्रार करा. प्रवेश घेऊन शेवटच्या तारखेच्या आत रद्द केला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकीची फी परत मिळायला हवी, असा एआयसीटीईचा नियम आहे. मूळ कागदपत्रंही अडवून ठेवता येत नाहीत.

आणि माझी सरकारकडे एक साधी मागणी आहे. संस्थास्तरीय फेरीचे अर्ज, यादी आणि रिकाम्या जागांचा आकडा, सगळं सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी दिसलं पाहिजे. चार-चार कॅप फेऱ्यांचं गणित संगणकाला जमतं, तर एवढ्या याद्या लावणं अवघड नाही. जमत नाही असं नाही, नको आहे असं आहे. कुणाला नको आहे, ते तुम्ही-आम्ही सगळे जाणतो.

ही रांग इथवर उजेडात आली ती कुणीतरी भांडलं म्हणून. उरलेला तुकडाही तसाच उजेडात येईल. तोवर ज्यांच्या घरात पोरगं वेटिंगवर आहे त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा, आणि आपल्या तालुक्यात कुठल्या कॉलेजने यादी लावली नाही, ते कमेंटमध्ये तारखेसह लिहा. बातमी करायची जबाबदारी माझी.